टायमरचं अपडेट आलं? आधी एका आठवड्याचा आकडा धरून ठेवा

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या अंबडच्या ऑफिसात एका मुलाने कामाचे तास मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फिक्स्चरच्या जॉबवर टायमर लावला, आणि पाचच मिनिटांत लाईट गेली. यूपीएसने थोडा वेळ दम धरला, मग मशीन, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, बंद. तो पाथर्डी फाट्याला घरी गेला. शनिवारी आम्हाला सुट्टी, कारण आमच्या पार्ट्यांचे कारखाने शनिवारी बंद आणि रविवारी चालू असतात. रविवारी सकाळी नऊ पंचवीसला त्याने मशीन लावलं तर टायमर पळतोच आहे. त्याने तो थांबवला आणि दुसऱ्या ड्रॉइंगला लागला. नोंद पडली ३९ तास १५ मिनिटांची.

पुढची गंमत बिलाच्या वेळी कळली. त्या जॉबवर आधीचे खरे तास होते ११ तास २० मिनिटं. दोन्ही मिळून ५० तास ३५ मिनिटं व्हायला हवेत, पण एक्सेलने बेरीज दाखवली २ तास ३५ मिनिटं. म्हणजे सॉफ्टवेअरने तास फुगवले आणि एक्सेलने ते गिळले. आठवडाभर ज्या जॉबवर डोकं घातलं त्याचे अडीच तास कसे, म्हणून मी खणायला बसलो तेव्हा कळलं की दहा दिवसांपूर्वी त्या मशीनवर अपडेट घेतलं गेलं होतं. जुनी आवृत्ती लाईट गेल्यावर शेवटची सेव्ह झालेली वेळ धरून नोंद बंद करायची. नवीन आवृत्तीत ‘बंद पडलेला टायमर पुन्हा सुरू होतो’ हे चक्क नवीन सोय म्हणून लिहिलं होतं. चूक कुणाची म्हणायची? त्यांनी सांगितलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

तेव्हापासून अपडेट घेण्याची आमची एक पद्धत ठरली आहे, ती इथे लिहितोय. आमचं ऑफिस चौघांचं. जिग-फिक्स्चर आणि कंट्रोल पॅनेलची ड्रॉइंग करतो, तासावर बिल लावतो. तुम्ही टॉगल वापरा, क्लॉकिफाय वापरा, सुपर प्रॉडक्टिव्हिटी वापरा, मेनूंची नावं वेगळी असतील, पण तपासायच्या जागा त्याच आहेत. प्रश्नही एकच: या नव्या सोयीमुळे बिलावरचा आकडा बदलतो का? बदलत नसेल तर ती सोय रंगरंगोटीची, हवी तर वापरा. बदलत असेल तर थांबायचं.

बटण दाबायच्या आधी

महिनाअखेरीला अपडेट घ्यायचं नाही. बिलं गेली, पार्टीचा ‘ओके’ आला, की मग पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आम्ही मंगळवार धरतो. सोमवारी सगळ्यांचे फोन असतात आणि शुक्रवारी काही बिघडलं तर निस्तरायला दिवस उरत नाही.

आवृत्तीचा आकडा बघा. बहुतेक ठिकाणी तो तीन भागांत असतो, उदाहरणार्थ ४.२.७. शेवटचा आकडा बदलला तर सहसा दुरुस्त्या, मधला बदलला तर नवीन सोयी, पहिला बदलला तर आतली मांडणीच बदललेली असण्याची शक्यता. काहीजण वर्ष-महिन्यावरून आकडा देतात, तिथे हा आडाखा चालत नाही. मग ‘काय नवीन’ ही यादी वाचावीच लागते. ती वाचताना ‘सुधारणा’, ‘अधिक वेगवान’ असल्या ओळी सोडून द्या आणि चार शब्द शोधा: आयडल (माणूस जागेवर नाही असं धरणं), राउंडिंग (मिनिटं गोल करणं), सिंक (मशीनवरच्या आणि सर्व्हरवरच्या नोंदी जुळवणं) आणि टाइमझोन. यातला एक जरी दिसला तरी पुढची सगळी तपासणी करा.

मग मागच्या पूर्ण झालेल्या एका आठवड्याचा रिपोर्ट काढा. जॉबवार एकूण, माणसावार एकूण आणि प्रत्येक नोंदीची सविस्तर यादी, अशा तीन फाइली सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलींत. पीडीएफही काढा, कारण पीडीएफ एक्सेलमध्ये उघडून कुणी चुकून बदलत नाही. हा झाला तुमचा धरून ठेवलेला आठवडा.

यानंतर बॅकअप. नोंदी इंटरनेटवर राहत असतील तर एक्सपोर्ट हाच बॅकअप. मशीनवर राहत असतील तर फोल्डर शोधावं लागतं. विंडोजवर ‘विंडोज’ची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून रनची चौकट उघडा, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत लिहा आणि एंटर मारा. जे फोल्डर उघडेल त्यात, किंवा त्याच्या शेजारच्या ‘लोकल’ फोल्डरमध्ये, सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर सापडतं. कॉपी करण्यापूर्वी सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. खिडकी बंद केली म्हणजे ते बंद झालं असं नाही, खाली घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह बसलेलं असतं, तिथे राइट क्लिक करून ‘क्विट’ म्हणा. याला कारण आहे. अशी बरीच सॉफ्टवेअर एसक्यूलाइट डेटाबेस वापरतात, आणि ते चालू असताना ताज्या नोंदी कधी कधी मुख्य फाइलमध्ये नसून शेजारच्या, नावाच्या शेवटी ‘डब्ल्यूएएल’ लागलेल्या फाइलमध्ये असतात. एकटी मुख्य फाइल उचलली की आजचं काम मागे राहतं. म्हणून बंद करून अख्खं फोल्डर उचलायचं.

जुन्या आवृत्तीची इन्स्टॉल फाइलही त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा. नवीन आवृत्ती पहिल्यांदा उघडताच डेटाबेस स्वतःच्या मांडणीत बदलून घेते, आणि मग जुनी आवृत्ती तो उघडेलच असं नाही. परत फिरायचं तर जुनी फाइल आणि जुना डेटा, दोन्ही लागतात.

एकाच मशीनवर

बाकीच्या मशीनवर ‘आपोआप अपडेट’ बंद करा. एका मशीनवर, शक्यतो तुमच्याच, नवीन आवृत्ती टाका. पोरांच्या मशीनवर प्रयोग करू नका, त्यांच्या डोक्यावर डेडलाइन असते.

टाकून झाल्यावर नवीन काही लावून बघायच्या आत तोच जुना आठवडा पुन्हा एक्सपोर्ट करा आणि आधीच्या फाइलशेजारी ठेवा. जॉबवार एकूण एक मिनिटानेही हलता कामा नये. हललं तर ‘थोडाच फरक आहे’ म्हणून सोडू नका. तो फरक कुठून आला हे शोधलं की तीनपैकी एक कारण निघतं: राउंडिंग, टाइमझोन किंवा डिलीट केलेल्या नोंदी परत जिवंत होणं.

सेटिंग्जही डोळ्यांखालून घाला. मोठ्या अपडेटनंतर आमची ‘कामाचे दिवस’ ही सेटिंग पुन्हा सोमवार ते शुक्रवार झाली होती. आमचा रविवार कामाचा, शनिवार सुट्टीचा. त्यामुळे रविवारचं सगळं काम ओव्हरटाइममध्ये जाऊन बसलं.

राउंडिंग: इथे जरा वेळ काढा

पार्टीशी भांडण व्हायचं असेल तर ते इथे होतं. समजा एका दिवसात एका जॉबवर पाच तुकड्यांत काम झालं: ८, १२, २२, ४ आणि ३१ मिनिटं. खरी बेरीज ७७ मिनिटं. तासाचा दर ६०० रुपये धरला तर ७७० रुपये.

आता सॉफ्टवेअरला सांगा की प्रत्येक नोंद पुढच्या १५ मिनिटांवर न्यायची. १५, १५, ३०, १५, ४५ असे होऊन एकूण १२० मिनिटं, म्हणजे १२०० रुपये. तेच बेरीज आधी करून मग वर नेली तर ९० मिनिटं, ९०० रुपये. आणि प्रत्येक नोंद जवळच्या १५ वर आणली तर १५, १५, १५, ०, ३० म्हणजे ७५ मिनिटं, ७५० रुपये. काम तेच, माणूस तोच, बिलं चार.

कुठल्याही अपडेटनंतर राउंडिंगच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा: वर, खाली की जवळ, आणि नोंदीला लावलंय की बेरजेला. हे तपासायला वरचीच पाच उदाहरणं एका खोट्या जॉबवर हाताने टाका आणि रिपोर्ट काढा. आकडा बघितला की कुठली पद्धत चालू आहे ते लगेच कळतं. आमचा ‘टेस्ट’ नावाचा जॉब याच कामासाठी कायमचा पडून असतो. माझं मत विचाराल तर मूळ नोंदींना राउंडिंग लावूच नका. मिनिटं जशीच्या तशी ठेवा आणि बिल काढताना एकदाच बेरीज गोल करा. क्वोटेशनमध्येही तसं लिहून टाका.

आयडल: कीबोर्ड थांबला म्हणजे माणूस थांबला नाही

टायमर आतून कसा चालतो हे कळलं की निम्मे घोटाळे सुटतात. तो सेकंद मोजत बसत नाही. सुरू केल्याची वेळ लिहून ठेवतो आणि आत्ताच्या वेळेतून ती वजा करून दाखवतो. त्यामुळे लॅपटॉप झाकला, लाईट गेली, मशीन झोपलं, तरी सुरुवातीची वेळ तिथेच असते. मधला वेळ वजा करायचा की नाही हे ठरवणारी वेगळी सोय असते, तीच आयडल डिटेक्शन. अपडेटमध्ये सगळ्यात जास्त छेडछाड तिथेच होते.

आयडल कळतं ते शेवटची कळ कधी दाबली आणि माउस कधी हलला यावरून. आमच्या धंद्यात याचा अर्थ फार थोडा. मुलगा प्रिंट टेबलावर पसरून, स्केच पेनने टॉलरन्सवर गोल करत पंधरा मिनिटं बसतो. खाली शॉपफ्लोअरवर जाऊन व्हर्नियरने भाग मोजतो. सॉफ्टवेअरच्या लेखी तो गायब. किती वेळ हालचाल नसली की आयडल धरायचं, ही मर्यादा ॲक्टिव्हिटीवॉच या आपोआप नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात तीन मिनिटांची असते. टायपिंगच्या कामाला ती ठीक, ड्रॉइंगच्या कामाला अगदीच तोकडी. आम्ही जिथे बदलता येते तिथे १२ मिनिटं ठेवली आहे. अकाउंटचं काम करणाऱ्याने, ज्याला व्हाउचरची पानं उलटायची असतात, त्यानेही दहाच्या खाली जाऊ नये.

परत आल्यावर सॉफ्टवेअर विचारतं: हा वेळ ठेवू, टाकून देऊ, की टाकून देऊन टायमर पुढे चालवू? अपडेटनंतर ही चौकट खरंच येते का ते करून बघा. टायमर लावा, मर्यादेपेक्षा दोन मिनिटं जास्त बाहेर जा, चहा घेऊन या. चौकट आली नाही तर दोन शक्यता. एक, नवीन आवृत्ती न विचारता निर्णय घेतेय. दोन, विंडोज ११ मधलं ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू आहे आणि सूचना गुपचूप बाजूच्या यादीत जाऊन पडतेय.

नंतर तीन चाचण्या, प्रत्येकी दहा मिनिटं. टायमर चालू ठेवून मशीन स्लीपला टाका. टायमर चालू ठेवून रीस्टार्ट करा. टायमर चालू ठेवून इंटरनेट काढा, पाच मिनिटांनी थांबवा, मग इंटरनेट लावा. प्रत्येक वेळी नोंद किती मिनिटांची पडली ते लिहून घ्या. आम्ही ती दुसरी चाचणी आधी केली असती तर सव्वाएकोणचाळीस तासांचा जॉब दिसलाच नसता. एका नोंदीला कमाल मर्यादा लावण्याची सोय असेल तर सहा तासांवर लावून टाका. सहा तास न उठता कुणी एक ड्रॉइंग करत नाही.

जुन्या डेस्कटॉपवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, बहुतेक सीआर२०३२. तो मेला की लाईट गेल्यावर मशीनचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग थांबवण्याची वेळ सुरू करण्याच्या आधीची पडते आणि उणे तासांच्या नोंदी दिसतात. सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी सेल बदला.

तारीख सरकली तर

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. नवीन आवृत्ती रिपोर्ट जागतिक वेळेत काढू लागली तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधलं काम आदल्या तारखेला जातं. दिवसा काम करणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. पण एक तारखेला रात्री एक वाजता संपवलेलं ड्रॉइंग मागच्या महिन्यात गेलं की ते कुठल्याच बिलात येत नाही. मागच्या महिन्याचं बिल आधीच गेलेलं असतं. तपासायला ‘टेस्ट’ जॉबवर रात्री १ ते २ अशी हाताने नोंद टाका आणि सीएसव्हीत तिची तारीख बघा.

कॅलेंडरमधल्या मीटिंग आपोआप टाइमशीटमध्ये ओढून घ्यायची सोय आता बऱ्याच ठिकाणी आली आहे. परदेशी पार्टी असेल तर या सोयीवर डोळा ठेवा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, २०२६ मध्ये २९ मार्चला आणि २५ ऑक्टोबरला. ऑक्टोबरच्या बदलाने त्यांची दुपारी तीनची मीटिंग आपल्याकडे साडेसहाची साडेसात होते, मार्चमध्ये उलट. त्या आठवड्यात जुनी आणि नवी, अशा दोन नोंदी पडल्या आहेत का बघा. आणखी एक, कॅलेंडरमध्ये तासाची मीटिंग असली आणि ती वीस मिनिटांत आटोपली, तरी टाइमशीटमध्ये तास पडतो. आम्ही ही सोय बंदच ठेवली आहे.

आपोआप नोंद ठेवणारी टाइमलाइन

कुठली खिडकी किती वेळ उघडी होती याची नोंद सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं आणि संध्याकाळी ‘यातलं कुठलं कोणत्या जॉबचं?’ असं विचारतं. ही मात्र कामाची सोय आहे. टायमर लावायला विसरणारे आमच्याकडे चौघांपैकी तीन आहेत आणि त्यात मी पहिला.

तिचा उपयोग करून घ्यायचा तर फाइलींना नावं नीट द्या. सॉफ्टवेअरला दिसतं ते खिडकीवरचं शीर्षक, आणि ऑटोकॅडच्या शीर्षकात फाइलचं नाव येतं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’ अशी नावं असतील तर नियम कशावर लावणार? आमचं नाव असं असतं: जॉब२४१, मग भागाचं नाव, मग आर३ म्हणजे तिसरं रिव्हिजन. नियम एवढाच, की शीर्षकात ‘जॉब२४१’ आलं तर ते त्या जॉबवर. नुसत्या २४१ वर नियम लावला तर तेच आकडे दुसऱ्या एखाद्या भागाच्या नंबरात निघतात आणि तिथले तासही इकडे येऊन पडतात.

आता नाजूक भाग. खिडकीच्या शीर्षकात बँकेचं पान येतं, व्हॉट्सॲपवर कुणाशी बोलतोय ते येतं, डॉक्टरांचा रिपोर्ट उघडला तर तेही येतं. नोंदी कुठे राहतात ते आधी बघा. ॲक्टिव्हिटीवॉच सगळं आपल्याच मशीनवर ठेवतं, काही सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. वगळायच्या ॲपची यादी पहिल्याच दिवशी भरा. आणि ज्यांच्या मशीनवर हे चालणार त्यांना समोर बसवून दाखवा, काय दिसतं आणि कुणाला दिसतं. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरी ज्याच्याबरोबर सकाळी मिसळ खातो त्याच्या स्क्रीनचे चोरून फोटो काढायचे, हे मला जमलं नसतं. स्क्रीनशॉटची सोय अपडेटने आपोआप चालू केलेली नाही ना, एवढं मात्र दरवेळी बघतो.

पोमोदोरोचे, म्हणजे पंचवीस मिनिटं काम आणि मग पाच मिनिटं विश्रांती असे, डबे आता बरेचजण देतात. वापरून बघा. आमच्याकडे एक असेंब्ली उघडून डोक्यात बसायलाच वीस मिनिटं जातात, तेवढ्यात घंटी वाजते. पन्नास-दहा असं बदलता येत असेल तर ठीक.

एक्सेलमध्ये नेताना

एक्सेलने आमचे तास का गिळले ते आता सांगतो. साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये २४ तास झाले की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो, घड्याळासारखा. बेरजेच्या चौकटीवर राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, कस्टम, आणि तिथे तासाच्या ‘एच’ला चौकटी कंस लावा, पुढे कोलन आणि दोन ‘एम’. मग ५०:३५ हे ५०:३५ दिसतं.

अपडेटने एक्सपोर्टचा फॉरमॅट बदलून दशांशात केला असेल तर आणखी एक खड्डा. १.५ म्हणजे दीड तास. कुणी हाताने १.३० लिहिलं, मनात एक तास तीस मिनिटं धरून, तर एक्सेलसाठी तो एक तास अठरा मिनिटं. बारा मिनिटं गेली, सहाशेच्या दराने १२० रुपये.

मराठीत लिहिलेली जॉबची नावं एक्सेलमध्ये किडामुंगीसारखी दिसत असतील तर फाइल बिघडलेली नाही. डबल क्लिकने उघडू नका. कोरी शीट घ्या, ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. तिथूनच ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये जाऊन जॉब नंबरचा कॉलम ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर ०४१ चा ४१ होतो आणि ३-१२ अशा भागाच्या नंबराची एक्सेल बिनदिक्कत तारीख करून टाकतं.

बाकीची मशीनं

एका मशीनवर दोन आठवडे, म्हणजे किमान एक रविवार आणि जमलं तर एकदा लाईट जाणं अनुभवून झालं, की बाकीच्या तिघांवर टाका. पावसाळ्यात दुसऱ्या गोष्टीसाठी फार थांबावं लागत नाही. टाकताना चौघांची राउंडिंग, आयडल आणि कामाचे दिवस या तीन सेटिंग्ज एकसारख्या आहेत का, ते एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने टिक करायची.

माझ्या ड्रॉवरमध्ये यासाठी एक दोनशे पानी वही आहे. तारीख, आवृत्तीचा आकडा, काय बदललं, कुठली सोय बंद ठेवली. त्या शुक्रवारच्या पानावर तो मुलगा स्वतःच्या अक्षरात लिहून गेलाय: ‘लाईट गेली तर आल्यावर आधी टायमर बघणे.’ खाली सही केली आहे आणि शेजारी तास टाकलेत, ०:०५.